साडूची फाइल

माझ्या साडूला अपंग भत्ता मंजूर झाला आणि माझा अर्ज फेटाळला गेला, दोन्ही एकाच आठवड्यात. लगेच बायकोची धाकटी बहीण आणि तिचा नवरा गोडाचा डबा घेऊन आमच्याकडे हजर. साडू दारापर्यंत स्वतःच्या पायांनी चालत आला, वर हसतसुद्धा होता. माझ्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की सांगता सोय नाही.

माझं दुखणं उघड आहे. सव्वीस वर्षं छापखान्यात काढली, आणि दोन वर्षांपूर्वी मशीनच्या रुळांत उजवा हात सापडला. पंजा राहिला, पण बोटं वळत नाहीत. त्याच वर्षी बायकोनेही गुडघे दुखतात म्हणून पाळणाघरातली नोकरी सोडली. साडू ट्रक चालवायचा. त्याचं दुखणं पाठीत, म्हणजे कुणाला न दिसणारं. त्याने वकीलबाई गाठली. मी म्हणालो होतो, हातच्या काकणाला आरसा कशाला? मला कशाला हवाय वकील? अर्ज माझा मीच भरला, डाव्या हाताने, कोंबडीचे पाय उमटावेत तशा अक्षरात. अंघोळ? जमतं. जेवण? जमतं. कपडे? जमतं. छापखान्यात 'जमत नाही' म्हणणाऱ्याच्या हातात दुसऱ्या दिवशी झाडू यायचा, त्याचीच ही सवय. नकाराच्या पत्रात लिहिलं होतं, 'अर्जदाराच्या स्वतःच्या उत्तरांनुसार त्यांना मदतीची गरज नाही.' अपिलाला पंधरा दिवस होते. तेही फेटाळलं, की पुढे काही नाही.

"दादा, माझी फाइल ठेवून घ्या," साडू म्हणाला. "वकीलबाईंनी कसं लिहिलंय ते बघा. हवं तर त्यांच्याकडे जाऊ आपण."

"ठेव," मी म्हणालो. पोटात वेगळंच होतं. मागच्याच महिन्यात या गड्याला नातीला उचलून कडेवर घेताना मी पाहिलं होतं. म्हणे पाठ गेली! त्या फाइलमध्ये एक तरी खोटं सापडू दे, कार्यालयाला असं पत्र लिहितो की याचा भत्ता आला तसा परत गेला पाहिजे. हो, इतका मी जळत होतो. चांगुलपणाचा आव कशाला आणू?

दुसऱ्या दिवशी दुपारी बायको दुकानात गेली आणि मी लाल पेन घेऊन बसलो. तिसऱ्याच पानावर नात भेटली. 'नातीला उचललं, की पुढचे दोन दिवस अंथरुणातून उठता येत नाही. तरी महिन्यातून एकदा उचलतो.' त्याखाली लिहिलं होतं, मोजे बायको घालून देते. संडासात बसल्यावर उठवायलाही तीच लागते.

मी लाल पेनाचं टोपण लावलं. वाटलं, आता तरी जळफळाट शमेल. कसला शमतोय! आधी मी त्याच्या भत्त्यावर जळत होतो. आता यावर जळायला लागलो, की हे सगळं एका परक्या बाईला सांगून हा माणूस माझ्या घरी हसत येऊ शकतो. मी तर शर्टाची बटणं लावतानाही न्हाणीघराला आतून कडी लावतो.

बायको आली. "अपिलासाठी अर्ज पुन्हा भरायचाय," मी म्हणालो. "तू लिही, मी सांगतो."

ती बसली. पण मी तोंड उघडायच्या आत तिचं पेन चालू झालं होतं. 'वरची दोन बटणं लागत नाहीत. वीस मिनिटं खटपट करतात आणि शेवटी वरून स्वेटर घालतात, उन्हाळ्यातही.' पुढे, 'लग्नाला गेलं, की भूक नाही म्हणतात. चारचौघांत डाव्या हाताने सांडतं म्हणून.'

"हे तुला कुणी सांगितलं?"

"डोळे आहेत मला."

"मग पहिल्या अर्जाच्या वेळी का नाही बोललीस?"

"तुम्ही विचारलंत कुठे?" ती मान वर न करता म्हणाली.

शेवटचं पान मदत करणाऱ्या माणसाच्या निवेदनाचं होतं. तिथे पेन थांबलं.

"धाकटीला त्या वकीलबाईंनी तासभर समोर बसवलं होतं," ती म्हणाली. "तुमचा दिवस कसा जातो, असं विचारलं तिला. ती कौतुकाने सांगत होती आणि माझा नुसता संताप होत होता. हेवाच म्हणा ना. माझी सख्खी बहीण, पण तिच्या गोडाला मी हात लावला नाही."

मला वाटत होतं, या घरात मी एकटाच जळतोय.

"उद्या जाऊ त्या बाईंकडे," मी म्हणालो. "पण आधी मला सांग. तुझा दिवस कसा जातो?"

तिने पेन खाली ठेवलं. मग म्हणाली, पाळणाघरातली नोकरी तिने गुडघ्यांसाठी सोडलीच नव्हती. एकदा दुपारी काही विसरलं म्हणून ती घरी आली, तेव्हा मी स्वयंपाकघरात सांडलेलं अन्न फरशीवरून उचलून खात होतो. ती तशीच मागे फिरली, आणि दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला.

तेव्हापासून मी रोज तिला म्हणत होतो, अगं, गुडघ्यांना तेल लाव.