आत्यावर गेलेला हात

मी गुडघ्यावर टिचकी मारणारी रबरी हातोडी बोलतेय. दचकू नका, मी खिळे ठोकत नाही. लहान मुलांच्या मेंदूच्या डॉक्टरीणबाईंच्या पर्समध्ये माझं आयुष्य गेलं.

बाईंनी मला घेतलं तेव्हा त्या बालरोगतज्ज्ञ होऊन चुकल्या होत्या. घरच्यांना वाटलं, संपलं एकदाचं शिक्षण. तर यांनी पुन्हा दप्तर भरलं. 'लग्नाच्या वयात मेंदू घेऊन बसलीय,' असं त्यांचा दादा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा.

नव्या विभागातल्या सरांनी पहिल्याच दिवशी मला बाईंच्या हातातून काढून टेबलावर ठेवलं. म्हणाले, "आधी हात लावायचा नाही. मूल खेळताना बघायचं."

मग मी खेळणं झाले. मुलं मला चावत, आपटत, लाळेत भिजवत. बाई नुसत्या बघत. कोणत्या हाताने उचललं? दुसरा हात मदतीला आला का? आईबापांना वाईट बातमी द्यायलाही त्या तिथेच शिकल्या. बसून, सरळ शब्दांत, आणि मग गप्प राहून. सुरुवातीला त्या जिन्यात जाऊन रडायच्या. नंतर रडेनाशा झाल्या. नंतर सांगून आल्या की डबा उघडायच्या.

एका रविवारी दादाकडे जेवायला गेलो. भाची अजून रांगतही नव्हती. पर्समधून मी घरंगळले आणि तिने मला डाव्या हाताने पकडलं.

बाईही डावखुऱ्या. 'आत्यावर गेली,' म्हणून वहिनी कौतुकाने हसली. 'बाटली, खुळखुळा, माझा चष्मा, सगळं डाव्यानेच पळवते, पक्की चोर आहे,' असं दादाने सांगितलं.

बाईंनी मला बाळाच्या उजव्या बाजूला ठेवलं. बाळ अख्खं वळलं, पुढे आला तो डावाच हात. पुन्हा ठेवलं. पुन्हा तेच. उजवी मूठ अंगठा आत घेऊन मिटलेली. इतक्या लहानपणी मूल एक हात निवडत नाही. ते दुसरा टाळत असतं.

पानं वाढली. बाई जेवल्या, भात दुसऱ्यांदा घेतला. मग दोघांना समोर बसवलं.

"दादा, तिचा उजवा हात कमी चालतोय. मेंदूचा फोटो काढायला हवा."

"घरी तरी डॉक्टर होऊ नकोस गं."

वहिनीने ती मूठ हातात घेतली, एकेक बोट उघडलं. सोडताच बोटं मिटली. "मीच हिची नखं कापते," ती म्हणाली. "मला वाटायचं, हट्टाने आवळते."

बाई गप्प राहिल्या. शिकवलं होतं तसं.

फोटो निघाला. जन्माआधीच मेंदूच्या डाव्या, म्हणजे उजवा हात चालवणाऱ्या, भागाला रक्त कमी पडलं होतं. कुणाचीच चूक नाही, असं बाई वहिनीला सांगतात. दर वेळी त्याच आवाजात.

आता मी भाचीकडेच असते. उजवा कामाला लागावा म्हणून वहिनी तिच्या डाव्या हातावर मोजा चढवते आणि मला उजवीकडे धरते. काल दोन बोटं माझ्या दांड्याला टेकली. धरलं नाही.

तुमच्या घरी असं एकाच हाताने सगळं ओढणारं तान्हं असेल, तर कौतुक जरूर करा. पण दुसऱ्या हातातही काहीतरी देऊन बघा, आणि घेतलं नाही तर वाट बघत थांबू नका, डॉक्टरांना दाखवून या.

वहिनी मोजा शोधतेय. मला जायला हवं.