बोंबलाची जोडी

यज्ञेशला आठशे बोंबील आठवत होते. हातात घेतलेला मात्र एकही आठवत नव्हता.

वर्सोव्याच्या किनाऱ्यावर, बोंबील सुकवायच्या बांबूच्या वलांड्यांपुढे तो उभा होता. शर्टाला माइक लावलेला. गार्गी नावाची हुशार मुलगी त्याच्यावर माहितीपट करत होती. सोळा वर्षांपूर्वी त्याने इथेच एका गाण्याचा व्हिडिओ केला होता. हातगाडीवर ठेवलेला कॅमेरा वलांडीच्या कडेने सुसाट निघतो आणि टांगलेले बोंबील गाण्याच्या तालावर नाचू लागतात. त्या चार मिनिटांवर त्याला पहिला चित्रपट मिळाला, मग पुढचे पाच. अंधेरीच्या स्टुडिओत आजही कुणी असं काही केलं की लोक म्हणतात, "यज्ञेशचा बोंबील मारलास!"

कल्पना इथे बोंबील सुकवणाऱ्या सखुबाई कोळिणीची होती. "वलांडीच्या कडेनं धाव," असं तिनेच त्याला सांगितलं होतं. "एका टोकाला ओले लाव, दुसऱ्या टोकाला सुके. नाचल्यावानी दिसतील." आठ दिवस तिने आणि तिच्या जावांनी एकेक जोडी टांगली. हा खुर्चीवर बसून चहा पीत होता. "मावशी, तुझं नाव टाकतो," म्हणाला होता. टाकलं नाही. पहिल्या मुलाखतीत तो नुसता गप्प राहिला. दुसरीत म्हणाला, "सुचलं." पाचव्या मुलाखतीपर्यंत त्याने आठशे बोंबील स्वतःच्या हातांनी टांगलेले होते.

आज ते सगळं खरं सांगायचं, असं घरून ठरवूनच तो निघाला होता. पण त्याच्या आधी सखुबाईच कॅमेऱ्यापुढे बसली.

"आयलास? कवरा जाडा झालास रे!" म्हणून ती हसली, आणि गार्गीने विचारताच ठसक्यात म्हणाली, "सगलं यानंच केलं. आमी नुसत्या बगत होतो. टीवीवर सांगतो ना तो? तसंच."

यज्ञेशची मान खाली गेली. ती त्याच्या मुलाखती बघत होती. सगळ्या.

"सर," गार्गी म्हणाली, "एक जोडी टांगून दाखवा ना. अगदी तेव्हासारखी."

तिने टोपलीतले दोन ओले बोंबील त्याच्या हातात दिले. एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि जोडी दोरीवर टाकायची, एवढंच काम. कोळीवाड्यातली सहा वर्षांची पोरसुद्धा ते बोलता बोलता करते. यज्ञेशने एकाची शेपटी दुसऱ्याच्या तोंडात घातली. दोन्ही मासे घसरून वाळूत पडले. पलीकडे जाळं विणत बसलेला अनंता ओरडला, "अरे, लगीन लावतोस का दोघांचं?" सगळे हसले.

"ओला हाय, निसटतो," सखुबाई घाईने म्हणाली. "सवय गेली त्याची."

ती अजूनही त्याला सांभाळून घेत होती. ते त्याला सहन होईना. "सवय नव्हतीच," तो म्हणाला. "मी एकही टांगला नाही. कल्पनाही मावशीचीच. मी सोळा वर्षं खोटं बोललो."

अनंताने सखुबाईकडे पाहिलं.

गार्गीचे डोळे भरून आले. "सर, एवढा मोठा माणूस, आणि श्रेय असं सहज वाटून टाकतो!"

"अगं, वाटत नाहीये. तिचं तिला परत करतोय."

"हेच! हेच वाक्य पुन्हा एकदा म्हणाल? मागून बोटीचा आवाज आला."

सखुबाई उठली. "सोला वर्सांनी आयलास," ती हळूच म्हणाली, "आणि आख्ख्या कोळीवाड्यापुढं मनाच खोटी पाडलीस. मना आदी सांगायचंस रे." वाळूतले बोंबील तिने उचलले, पाण्यात बुचकळले आणि न बघता जोडी दोरीवर टाकली. मग पाठ फिरवून ती पुढची जोडी घेऊ लागली.

"सर, रोलिंग."

यज्ञेशने वाक्य पुन्हा म्हटलं. 'तिचं'च्या आधी किंचित थांबला. दुसऱ्या वेळी ते जास्त चांगलं आलं, आणि ते त्याला कळलंही. सखुबाईने मात्र मागे वळून पाहिलं नाही. त्याने बोटं पँटला पुसली. वास काही जाईना.