खिशावरचा कच्चा टाका

माझ्या धाकट्या भावाला मी बारक्या म्हणते. आता दारातून आधी त्याचं पोट आत येतं आणि मग तो येतो, पण माझ्यासाठी बारक्या तो बारक्याच. तर या बारक्याने मला सकाळी कामाला निघताना बजावलं होतं, "ताई, खेळण्यांचं सगळं तू बघ. कपाटावरची बॅग मात्र राहू दे. ती मी काढीन. धूळ आहे, शिंका येतील तुला."

जन्मभर कापडाच्या धुळीत बसलेल्या शिंपिणीला हा शिंकांची भीती घालत होता. तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकायला हवी होती. पण मी त्या दिवशी हवेत होते, कारण ती खोली माझी होणार होती.

खोली चिमणीची, म्हणजे बारक्याच्या एकुलत्या एका लेकीची. ती शिकायला परगावी गेली, हॉस्टेलवर राहू लागली. मग एक दिवस बारक्या माझ्या दुकानात येऊन स्टुलावर बसला आणि म्हणाला, "ताई, किती दिवस अशी एकटी राहणार तू? चिमणीच म्हणाली, माझी खोली आत्याला द्या." मी एका कोटाला अस्तर लावत होते. डोळे असे भरून आले की अस्तर उलटं लागलं, नंतर सगळं उसवत बसले. माझ्यासाठी कुणी आपणहून काही मागावं, याची मला सवय नाही.

मग काय, मी हरखूनच गेले. पुढे दुकान आणि मागे माझी खोली अशी ती भाड्याची जागा. महिनाअखेर सोडते म्हणून घरमालकिणीला सांगून टाकलं. गिऱ्हाइकांना निरोप दिले. पायाने चालवायचं माझं मशीनही शेजारच्या पडदेवाल्याला द्यायचं कबूल केलं, कारण बारक्या म्हणाला होता, "मशीनचा आवाज भिंतीतून जातो गं." एवढी वर्षं त्या आवाजावर पोट भरलं होतं, तरी मी मुंडी हलवली. बारक्याने घराची एक नवी किल्ली करून दिली. ती मी सुयांच्या डबीत ठेवली. माझी जपायची वस्तू तिथेच असते.

सकाळपासून मी खेळणी निवडत होते. एक पोतं भंगाराचं, एक वाटून टाकायचं. ठेवायचं असं काही नव्हतंच. "सगळं काढ, चिमणीने सांगितलंय," असं बारक्याचं म्हणणं. हात तुटलेल्या बाहुल्या निघाल्या, चाकं नसलेली गाडी निघाली, झाकणं हरवलेली भातुकली निघाली. एक बॅटरीवरचा कुत्रा होता, त्याच्या कानाला धक्का लागला की भुंकायचा. त्याला मी भंगारात टाकला, तर पोत्यातूनही भुंकत राहिला. "गप रे," मी त्याला म्हटलं, "जायचं कुणाला चुकलंय?"

मी माझ्या बाहुल्या शोधत होते. चिमणीच्या दर वाढदिवसाला मी एक बाहुली शिवून पाठवायचे. कापड दुकानातलं उरलेलं, पण काम असं की उलटी करून बघितली तरी गाठ दिसू नये. प्रत्येकीच्या झग्याला एक खिसा आणि खिशाच्या तोंडावर लाल दोऱ्याचा कच्चा टाका. पक्की शिलाई मारण्याआधी कापड हलू नये म्हणून आम्ही घालतो तो कच्चा टाका. दोऱ्याचं टोक ओढलं की सरकन सुटतो. चिमणीने टोक ओढायचं आणि आत काय आहे ते बघायचं. एकदा मी नखाएवढी उशी घातली होती. एकदा बोटाएवढा उंदीर. पुढच्या वर्षी त्या उंदराचा शर्ट, कॉलर आणि कफसकट.

मग वाढदिवसाला मी फोन करायचे. "काय निघालं गं यंदा?" पलीकडून चिमणा आवाज यायचा, "गुपित!" आणि खिदळत फोन बापाच्या हातात. या एका शब्दावर मी वर्षभर जगायचे. कोटाचं माप द्यायला आलेल्या माणसाला दोन्ही हात पसरून उभं राहत ही गोष्ट ऐकावीच लागायची, सुटका नव्हती. पुढचा वाढदिवस जवळ आला की बारक्याच फोन करायचा, "ताई, यंदाची कशी असेल म्हणून विचारतेय तुझी भाची." डोळे अधू झाले, सुईत दोरा ओवायला गिऱ्हाइकाला हाक मारायची वेळ आली, तरी मी शिवत राहिले.

खाली माझी एकही बाहुली सापडेना. तेव्हा मी स्टूल ओढलं आणि कपाटावरची बॅग खाली घेतली.

वर जुने पडदे होते. पडद्यांखाली माझ्या बाहुल्या, सगळ्या, एकीशेजारी एक. आधी मला आनंदच झाला. वेडी मी! म्हटलं, पोरीने किती जपून ठेवल्यात. पहिली उचलली, तिच्या खिशावर लाल टोक तसंच लोंबत होतं. म्हटलं, ही राहिली असेल चुकून. दुसरी उचलली. तिसरी उचलली. मग एकेक न उचलताच दिसायला लागलं. एकाही खिशाचा टाका सुटलेला नव्हता. आणि टाका माझाच होता. दुसऱ्या कुणी पुन्हा घातला असता तर मला अंधारातही बोटाने कळलं असतं.

मी तिथेच जमिनीवर बसले. लाज वाटली आधी, राग नंतर आला. दुकानात हात पसरून उभे राहिलेले ते सगळे लोक मला आठवले.

दारात किल्ली वाजली. मी पडदा ओढून बाहुल्या झाकल्या. बारक्या अर्धी सुट्टी टाकून नवी पोती घेऊन आला होता. बॅग खाली आलेली त्याने पाहिली आणि क्षणभर थबकला, पण वरचा पडदा बघून सावरला.

"जुने पडदेच आहेत त्यात," मी म्हटलं. "का रे, माझ्या बाहुल्या कुठे दिसल्या नाहीत त्या?"

"बाहुल्या होय? त्या चिमणी घेऊन गेली की हॉस्टेलवर. त्यांच्याशिवाय झोप येते का तिला!"

"सगळ्या नेल्या?"

"सगळ्या. मीच तर पिशवी भरून दिली."

"खिशांतून काय काय निघालं, ते तुला तरी सांगितलं का रे तिने कधी?"

बारक्या हसला. माझ्याकडे बोट नाचवत म्हणाला, "ते तुमचं आत्या-भाचीचं गुपित. मला कोण सांगतंय!"

त्याची पापणीसुद्धा लवली नाही. पडद्याखालून एका बाहुलीचा पाय बाहेर आला होता, त्याच्या बुटापासून वीतभर अंतरावर. याच्या शाळेच्या चड्ड्यांना मी ठिगळं लावली, ठिगळ दिसू नये म्हणून रंग जुळवत बसले, आणि हा इतक्या साळसूदपणे माझ्या तोंडावर थाप मारत होता. पहिली थाप असती तर जीभ अडखळली असती. ही सरावाची होती.

"चहा टाक," मी म्हटलं. तो शीळ घालत स्वयंपाकघरात गेला. मी चिमणीला फोन लावला.

"आत्या! अगं, तू आमच्या घरी आहेस? मागे माझा कुत्रा भुंकतोय ना तो?"

"तुझी खोली रिकामी करतेय."

"माझी खोली? का?"

"तूच म्हणालीस ना, आत्याला द्या म्हणून?"

"मी? मला कुणी विचारलंच नाही, आत्या. तू ये गं, तुला नाही म्हणत नाहीये मी. पण माझ्या वस्तू... कुत्रा टाकलास का?"

"भंगारात आहे. जिवंत आहे अजून. चिमणे, माझ्या बाहुल्या आठवतात तुला?"

"खरं सांगू? रागावशील."

"रागावलेलीच आहे. अजून काय रागावणार?"

"पहिलीला मी फार घाबरले होते. तिचे डोळे बटणांचे होते ना. रात्रभर रडले. मग बाबांनी ती वर ठेवली, पुढच्या पण सगळ्या वरच गेल्या. तुझा फोन आला की बाबा शेजारी उभे राहायचे आणि म्हणायचे, एकच शब्द बोलायचा, गुपित. बोलले की चॉकलेट द्यायचे. मला वाटायचं, तुझा-माझा तोच खेळ आहे."

"आणि खिसा?"

"कसला खिसा?"

पोरीचा राग नाही आला मला. बटणांच्या डोळ्यांना लहान लेकरू घाबरलं, त्यात तिचं काय चुकलं? मला कुणी सांगितलं असतं तर पुढच्या वर्षी मी दोऱ्याचे डोळे काढले असते. "तुझ्या वस्तू जागच्या जागी राहतील," मी तिला म्हटलं आणि फोन ठेवला.

बारक्या दोन कप घेऊन आला. मी पडदा बाजूला केला. त्याने कप स्टुलावर ठेवले.

"ताई, अगं, तुला वाईट वाटू नये म्हणून..."

"वाईट एकदाच वाटलं असतं. तू मला दरवर्षी फसवलंस. आणि वर यंदाची कशी असेल म्हणून विचारायचास! माझ्या डोळ्यांची वाट लागलेली दिसत नव्हती तुला?"

"तुला आनंद व्हायचा गं. फोनवर किती खुलायचीस! मग कसं सांगणार?"

"आणि खोली? चिमणी म्हणाली होती ना?"

"चिमणी म्हणाली असं सांगितलं नसतं तर तू आली नसतीस."

"मी विचारतेय, मी यावं असं वाटलं कुणाला?"

"लोक विचारतात, ताई. बहीण या वयात एकटी का राहते म्हणून. ऐकून घ्यावं लागतं मला."

एवढा वेळ मी वाट बघत होते, हा म्हणेल, "मला वाटलं, तू यावंस." तेवढं एक म्हणाला असता तर मी बाकीचं सगळं गिळलं असतं. मला ते हवं होतं, लाज सोडून सांगते. पण नेमक्या त्या वेळी त्याला खोटंही सुचलं नाही.

"जा, बाहेर बस," मी म्हटलं, आणि तो गेला.

मी दोन्ही पोती पालथी केली. गाडी, भातुकली, हात तुटलेल्या बाहुल्या, सगळं फडताळावर परत लावलं. कुत्र्याला चिमणीच्या उशीवर बसवलं. माझ्या बाहुल्या एका पोत्यात भरल्या, चिमणी घाबरली होती ती पहिली सोडून. तिच्या खिशाचं लाल टोक मी ओढलं आणि आतली नखाएवढी उशी काढून घेतली. मग सुयांची डबी उघडली. सुईत दोरा ओवायला फार वेळ लागला, पण बारक्याला हाक मारली नाही. टाका पहिल्यासारखाच घातला, टोक लोंबतं ठेवून. ती बाहुली कपाटावर तिच्या जुन्या जागी ठेवली आणि पोतं खांद्यावर टाकून निघाले. बारक्या "ताई, ऐक ना" करत जिन्यापर्यंत आला.

घरमालकिणीपुढे उभी राहिले आणि म्हटलं, जागा मलाच राहू दे. "परवा तर नुसती नाचत होतीस," ती म्हणाली. "आता दुसऱ्याला शब्द देऊन बसलेय मी. बघते, विचारून सांगते." पडदेवाल्याकडेही जाऊन मशीन देत नाही म्हणून सांगितलं. तो पोत्याकडे बघत राहिला.

संध्याकाळी मी मशीनवर बसले असताना बारक्याचा फोन आला. आवाज मऊ काढला होता, वाढदिवसाच्या आधी काढायचा तसा.

"ताई, रागात गेलीस. पण किल्ली टेबलावर ठेवली नाहीस, तेव्हाच मी ओळखलं. आहे ना तुझ्याजवळ?"

"नाही. तुझ्याच घरात आहे."

"घरात? सगळं पाहिलं मी. कुठे ठेवलीस?"

"गुपित," मी म्हटलं आणि मशीन चालू केलं.