माशांच्या जिन्याची किल्ली

"साहेब, हे मासे भिंतीवर डोकं कशाला आपटतायत?"

मैत्रीनं प्रश्न टाकला आणि मागून पिंकीचं खुसखुसणं ऐकू आलं. पैज पिंकीचीच होती. "वक्तृत्वात ढाल आणलीस ना? मग विचार त्या हेल्मेटवाल्या साहेबाला. नाही विचारलंस तर आठवडाभर माझं दप्तर तू वाहायचं!" पूनमनं वर टाळी देऊन पैज पक्की केली होती.

गेल्या वर्षीपर्यंत हजेरीला 'उपस्थित' म्हणतानाही मैत्रीची मान खाली असायची. मग पिंपरीतल्या भरल्या सभागृहात ती न अडखळता बोलली, ढाल घेऊन आली, आणि तेव्हापासून या पोरीच्या तोंडाचा नळ बंदच होत नाही, असं तिची आई म्हणायची.

त्यात आजचा दिवस तर तिचाच. दहावीच्या भूगोलाची क्षेत्रभेट म्हणून मोशीहून शाळेची बस निघाली होती. चाकणच्या चौकात ट्रेलरच्या मागे पोरं उकडून निघाली, राजगुरुनगर मागे पडलं, आणि नदीवरच्या या छोट्या वीजघराशी बस थांबली. इथं मैत्रीचे पप्पा, साहेबराव, ऑपरेटर होते. "माझे पप्पा बटण दाबतात तेव्हा वीज तयार होते," हे तिनं बसमधल्या प्रत्येक सीटला ऐकवून झालं होतं.

वीजघराच्या खाली, पाणी जिथून फेसाळत बाहेर पडतं तिथं, भलीमोठी काँक्रीटची भिंत होती. फेसातून एक मासा वर उडायचा, भिंतीवर धप्प आदळायचा, खाली पडायचा. थोड्या वेळानं पुन्हा धप्प. एकाचा वरचा ओठ फाटून लोंबत होता, तरी तो उडतच होता.

"डोकं आपटत नाहीत, बाळा," इंजिनिअर यशवंतराव हसून म्हणाले. "हे चढणीचे मासे. कोळशी म्हणतात यांना. पावसाळ्यात प्रवाहाच्या उलटे वर जातात, अंडी घालायला. आपण त्यांची अगदी उत्तम सोय केलेली आहे. तो बघा माशांचा जिना!"

सगळ्यांच्या माना वळल्या. भिंतीच्या कडेनं काँक्रीटचे हौद पायऱ्यांसारखे एकावर एक चढवले होते. हौदात गवत वाढलं होतं. एकात कुणाची तरी चप्पल पडली होती आणि सगळ्यात वरच्या पायरीवर एक कुत्रं निवांत झोपलं होतं.

"पण यात पाणी कुठंय?" मैत्री म्हणाली. हा प्रश्न काही पैजेत नव्हता.

"सीझनला सोडतो ना आपण."

"आषाढ संपत आला, साहेब. मग सीझन लागतो कधी?"

"हो ऽ ऽ!" पोरं ओरडली. कुलदीपनं शिट्टी मारली. "मैत्री, पुरे आता," बाई दटावल्या. यशवंतरावांचं हसू जरा आखडलं. "साहेबराव, तुमचीच ना ही कन्या? घरी व्होल्टेज जास्त मिळतंय वाटतं!"

मैत्रीनं मोठ्या ऐटीत पप्पांकडे पाहिलं. ते जिन्याच्या वरच्या तोंडाशी उभे होते. त्यांच्या शेजारी पाणी अडवणारी लोखंडी फळी, फळीला साखळी, साखळीला कुलूप. पप्पा हसले नाहीत. त्यांचा हात कमरेच्या जुडग्यावर गेला आणि मुठीत घट्ट मिटला.

ते जुडगं मैत्रीच्या ओळखीचं होतं. लहानपणी त्याचाच खुळखुळा करून ती झोपायची. त्यात हिरवा दोरा बांधलेली एक आखूड किल्ली होती. "ही कशाची?" असं तिनं किती वेळा विचारलं असेल. "कशाची न्हाई. जुनी हाय," एवढंच उत्तर यायचं.

परतीच्या बसमध्ये पिंकी तिचे गाल ओढत होती. "भावा, जिंकलीस ना तू! साहेबाचं तोंड बघितलंस?" मैत्री मात्र खिडकीला डोकं टेकून बसली होती. तिला डोहवाडी आठवत होती.

डोहवाडी म्हणजे तिच्या आईचं माहेर, याच नदीवर, भिंतीच्या वरच्या अंगाला. गावाखाली खोल डोह आहे. चढणीचे मासे तिथं अंडी घालायला येत, म्हणून गाव त्यांना माहेरवाशिणी म्हणायचं. लेक बाळंतपणाला माहेरी येते, तशा या येतात. त्या डोहात कुणी गळ टाकला तर गाव त्याला वाळीत टाकील. आणि आषाढातल्या शेवटच्या रविवारी त्या माशांची ओटी भरायची, तीही गावच्या अशाच लेकीनं, जी त्या वर्षी पहिल्यांदा बाळंत झालीय.

ज्या वर्षी भिंत झाली, त्या वर्षी ती लेक होती मैत्रीची आई, मंजुषा. तान्ह्या मैत्रीला कडेवर घेऊन तिनं डोहात नारळ सोडला. मासे आले नाहीत. पुढच्या वर्षीही नाहीत. भिंतीला कुणी बोल लावला नाही, कारण उद्घाटनाला जिन्यातून पाणी खळखळताना गावानं डोळ्यांनी पाहिलं होतं. पहिल्या पायरीला कुंकूसुद्धा लावलं होतं. वाट तर करून दिलीय, मग येत का नाहीत? मग ओटी भरणारीचाच हात वाईट. "मंजूचा हात लागला अन् डोह वांझ झाला," असं गिरजाबाई भर पंगतीत म्हणाल्या. कुणी म्हणालं, पोरीचा पायगुण. सख्खा भाऊ, नानासाहेबमामा, तोही गप्प राहिला. तेव्हापासून आई ओटीला जात नाही. भाचीच्या डोहाळजेवणाला गेली होती, तर तिच्या हातातलं ताट कुणीतरी हळूच काढून घेतलं होतं.

उद्या तोच रविवार होता.

संध्याकाळी पप्पांची गाडी दारात लागली. हँडलला पिशवी. दरवर्षी आषाढात यायची तशीच. "घ्या, आखाड करून घ्या. चार दिवसांत श्रावण लागंल," ते म्हणाले, पण मैत्रीकडे न बघता. "यंदा दोनच घावले. आधी पोतं भरायचं."

आईनं विळी घेतली. पोटावर पातं फिरलं आणि गाभोळी बाहेर आली, पिवळीधमक, अंड्यांच्या दाण्यांनी फुगलेली. गाभोळी म्हणजे मैत्रीचा जीव. तव्यावर तडतडायला लागली की ती ताट घेऊन ओट्याशी उभी असायची. आज तिनं आधी माशाचं तोंड पाहिलं. वरचा ओठ फाटलेला होता.

"पप्पा, हिरव्या दोऱ्याची किल्ली त्या जिन्याची आहे ना?"

पप्पा पायातले बूट काढत होते. एक बूट हातातच राहिला.

"साहेबाम्होरं बोलताना जरा इचार करावा माणसानं."

"आहे की नाही?"

"हाय. मग? जिन्यातनं पाणी सोडलं की तेवढं टर्बाईनच्या पात्यावर पडत न्हाई. वीज कमी भरली की वरनं फोन येतो. तपासणीवाले आले की उघडायचं, गेले की लावायचं. मी तिथं कामाला जायच्या आधीपास्नं हेच चाललंय." त्यांनी बूट खाली ठेवला. "चाकणची कंपनी बंद पडली तवा कसे दिवस काढले, तुझ्या आईला इचार. उद्या मी उघडलं, तर परवा ती किल्ली दुसऱ्याच्या कमरंला आसंल."

विळीचा आवाज थांबला होता.

"म्हणजे मासे येत होते?" आई म्हणाली.

पप्पांनी दुसऱ्या बुटाची नाडी ओढली.

"मी काय इचारते? दरसाल येत होते?"

"भिंतीपातूर," पप्पा हळूच म्हणाले.

"अन् तिथनं तुमी माझ्या विळीवर आणत होता."

"मंजू, ते तसंबी मरणारच होते. वर जाता येत न्हाई, पोट भरल्यालं. जाळं टाकलं की—"

"गिरजाबाई त्या पंगतीत बोलली, तवा तुमी जेवत होता. माझ्या शेजारी. ताटावरनं मान वर केली न्हाई तुमी."

"सांगून काय झालं असतं? तुझा भाऊ कुऱ्हाड घिऊन आला असता भिंतीवर. नोकरी गेली असती."

आई उठली. मोरीत जाऊन तिनं साबणानं हात धुतले, पुसले, वास घेतला, पुन्हा धुतले. परातीत दुसरा मासा अजून कल्ले हलवत होता. अगदी सावकाश. मैत्रीनं त्याच्यावर तांब्याभर पाणी ओतलं. कल्ले दोनदा जोरात हलले आणि थांबले.

हे पिंपरीचं सभागृह नव्हतं. इथं ढाल मिळणार नव्हती. पप्पांच्या कमरेला जुडगं तसंच लटकत होतं. हा माणूस तिला सायकल शिकवताना मागून पळाला होता, तिच्या भाषणाला रजा टाकून शेवटच्या रांगेत उभा राहिला होता. आणि मोरीत आईचे हात अजून नळाखाली होते.

मैत्रीनं फडताळातला स्टीलचा डबा काढला. त्यात आधी हिरवं खणाचं कापड अंथरलं, मग कापलेल्या माशाची गाभोळी अलगद उचलून ठेवली. कापडावर ओल पसरत गेली.

"काय करतीस?" पप्पांनी विचारलं.

डब्याला झाकण लावून ती दोघांच्या मधोमध उभी राहिली. 

"आई, पप्पा, सकाळच्या पहिल्या बसनं मी डोहवाडीला जाणार. ओटीत नारळ नाही, हे सोडणार. मामासमोर, गिरजाबाईंसमोर, अख्ख्या गावासमोर सांगणार, की डोहाला माझ्या आईचा हात लागला नव्हता, जिन्याला कुलूप लागलं होतं. आणि किल्ली कुणाकडे असते असं त्यांनी विचारलं, तर पप्पा, मी खोटं बोलणार नाही."