आधी तुमचा मान

अरविंदराव देवस्थळी बॉल घेऊन उभे राहिले की चार नंबरची लेन लांबत असे. त्यांचे व्याही उभे राहिले की ती पुन्हा होती तेवढी होई. यात भास वगैरे काही नव्हतं. अरविंदरावांची सगळी नोकरी वजनमापं खात्यात गेलेली. नाशकातल्या निम्म्या किराणा दुकानदारांचे तराजू त्यांनी उलटे करून पाहिलेले. त्यांनी घरून टेप आणली, बूट काढले, लेनच्या कडेकडेने रांगत जाऊन ती मोजली. लांबलीच होती. मग त्यांनी टेप तपासली. टेप बरोबर होती.

मॉलच्या तळघरातलं ते बोलिंग गायकवाड मॅडम सांभाळत. तरुणपणी त्या राज्याकडून खेळलेल्या. आता गुडघ्याला पट्टा बांधून इतरांना शिकवत. अरविंदरावांनी त्यांच्याकडे रीतसर तक्रार केली.

"होतं तसं," मॅडम म्हणाल्या. "व्याह्यांबरोबर खेळताय ना?"

"हो."

"मग होतं. मागे एक साडू-साडू यायचे. त्यातल्या थोरल्यांची लेन पार पार्किंगमध्ये निघायची."

आता खरं सांगायचं तर बोलिंग हा शोध अरविंदरावांचा. निवृत्त झाल्यावर बरोबरीचे लोक हास्यक्लबात गेले, काही भजनी मंडळात गेले, अरविंदराव तळघरात गेले. तिथले भाड्याचे दुरंगी बूट घालून ते उभे राहिले की आपण काहीतरी वेगळे आहोत असं त्यांना वाटे. रविवारी सगळं घर बघायला येई. बायको मंदाताई, मुलगा केदार, सून प्राची आणि चार वर्षांची नात ईरा. आबांनी तीन पिना पाडल्या तरी ईरा खुर्चीवर उभी राहून टाळ्या वाजवी. तीनच्या वर आबा फारसे जात नसत, पण ते घरात कुणाला ठाऊक नव्हतं. पिना तीनच पाडायच्या असतात असा सगळ्यांचा समज होता.

मग प्राचीचे वडील, रमाकांत नेहेते, रेल्वेतून निवृत्त झाले आणि लेकीजवळ राहायचं म्हणून भुसावळहून सहकुटुंब आले. दोन बिल्डिंगा सोडून त्यांनी फ्लॅट घेतला. पहिल्या रविवारी ते केळ्याच्या वेफर्सची पिशवी मांडीवर घेऊन मागे बसले होते. अरविंदरावांनी उगाच आपलं, रीत म्हणून, त्यांच्या हातात बॉल दिला. नेहेत्यांनी, म्हणजे ईराच्या नानांनी, पिशवी तिच्याकडे दिली, बॉल सोडला आणि पाठ फिरवून पुन्हा वेफर्स मागितले. मागे दहाच्या दहा पिना आडव्या झाल्या.

"पडल्या वाटतं," नेहेते म्हणाले.

ईरा खुर्चीवर उभी राहिली नाही. ती खुर्चीवरून पडली. हसून हसून.

दुःख असं की माणूस चांगला होता. वाईट असता तर अरविंदरावांना झोप तरी लागली असती. नेहेते कधी फुशारकी मारत नसत, भरीत केलं की डबा पाठवत, मंदाताईंच्या मिक्सरचं झाकण त्यांनी बसवून दिलं होतं. आणि ते मुलीकडचे होते. मुलाकडच्यांचा मान कसा ठेवायचा हे त्यांच्या हाडात होतं. जेवायला बसताना ते आधी अरविंदरावांना पाट देत, लिफ्टमध्ये आधी त्यांना शिरू देत, आणि लेनवर दर वेळी दोन पावलं मागे सरून हात जोडत.

"आधी तुम्ही, अरविंदराव. तुमचा मान."

नेमकं हे वाक्य म्हटलं की लेन लांबे. अरविंदरावांच्या हे लक्षात यायला थोडे दिवस लागले. लक्षात आल्यावर मात्र शंका उरली नाही. नेहेते "तुमचा मान" म्हणत, लाकडाचा हलकासा आवाज होई, आणि पिना पुसट होत होत तांदळाएवढ्या दिसू लागत.

"मग घेऊ नका ना मान," मंदाताई म्हणाल्या. "म्हणावं, आज तुम्ही टाका आधी."

"असं कसं? मुलाकडचे आहोत आपण!"

"लग्न होऊन सहा वर्षं झाली."

"म्हणून काय झालं? मी आधी टाकायचं सोडलं तर माझ्याकडे राहिलं काय?"

मंदाताई डाळ निवडत होत्या. त्यांनी एक खडा उचलून बाजूला ठेवला. उत्तर त्यांच्याकडे आहे हे अरविंदरावांना दिसलं, आणि ते त्यांना जास्त लागलं.

त्यांनी शिकवणी लावली. गायकवाड मॅडमनी त्यांना पहिल्यापासून उभं केलं. मनगट ताठ नको, खांदा सैल, शेवटचं पाऊल टाकायचं नाही, घसरू द्यायचं. मग तेल समजावलं. लेनवर तेल असतं, ते डोळ्यांना दिसत नाही. तेल आहे तोवर बॉल नुसता घसरतो. पुढे तेल संपतं, कोरडं लाकूड लागतं, तिथे बॉल पकड घेतो आणि वळून पिनांमध्ये शिरतो.

"तुमची लेन लांबते तेव्हा तेलही लांबतं," मॅडम म्हणाल्या. "कोरडं आहे तेवढंच राहतं. म्हणजे तुम्ही अवघड तेलावर सराव केला पाहिजे."

"नेहेत्यांना कुठलं तेल असतं?"

"तेच. त्याच लेनवर टाकतात ते."

"मग त्यांचा बॉल वळतो कसा?"

"ते पिनांकडे बघत नाहीत. हे बघा, थोड्या अंतरावर लाकडात बाण काढलेत. त्यांच्यावर नजर ठेवायची. पिनांकडे बघितलं की हात आखडतो."

अरविंदराव म्हणाले, समजलं. समजलं खरंच होतं. पण बॉल हातात घेतला की त्यांची नजर बाण ओलांडून पिनांकडे जाई, तिथून मागे वळून खुर्च्यांकडे येई, ईरा बघते आहे का, मंदा बघते आहे का, आणि नेहेते बघत असले तर कसे बघताहेत, हे सगळं पाहून पुन्हा पिनांवर जाई. एवढा प्रवास करून आलेल्या नजरेने कोण काय पाडणार? बॉल सरळ जात राही, जात राही, आणि खूप वेळाने लांबून कुठूनतरी तो लेनच्या कडेच्या गटारात पडल्याचा आवाज येई. नेहेते तोवर डोळे मिटून उभे असत, म्हणजे व्याह्यांचा बॉल गटारात जाताना आपण पाहिला असं होऊ नये.

"लाईट जरा कमी आहेत आज," ते म्हणत.

अरविंदरावांनी घरी सराव सुरू केला. हॉलपासून स्वयंपाकघरापर्यंत जो पॅसेज होता, त्याच्या फरशीवर त्यांनी घाण्याचं शेंगदाणा तेल फडक्याने फासून घेतलं. पॅसेजच्या टोकाला बरण्या मांडल्या. फरशीवर रांगोळीने बाण काढले. पॅसेजही लांबला. यात त्यांना आश्चर्य वाटलं नाही. एकदा खोड लागली की सगळ्याच वस्तू सारख्या वागतात, तराजूंचंही तसंच होतं. मात्र पॅसेजच्या पलीकडे स्वयंपाकघर होतं, ते दूर गेलं. मंदाताईंनी तिकडून विचारलं, चहा घेणार का, तर ते हॉलमध्ये ऐकू येईपर्यंत दुपार होई. चहा यायचा तो गार. एकदा कपात सायीऐवजी धूळ होती.

मग चहा येईनासा झाला. अरविंदराव तेल टाळत, भिंतीला धरून, चालत चालत स्वयंपाकघरात गेले. ओट्यावर चिठ्ठी नव्हती, काही नव्हतं. खिडकीतून मात्र नेहेत्यांचं स्वयंपाकघर हाताच्या अंतरावर दिसत होतं. मंदाताई तिथे विहीणबाईंबरोबर वांगी भाजत होत्या.

"इकडून हे घर जवळ पडतं हो आता," त्या खिडकीतून म्हणाल्या. "तुमचं चालू द्या. मी जेवायला येईन."

आतून नेहेते काहीतरी बोलले आणि मंदाताई पदर तोंडाला लावून हसल्या. लग्नाला चाळीस वर्षं झाली, मंदा पदर तोंडाला लावून हसते हे अरविंदरावांना माहीत नव्हतं. ते परत हॉलकडे निघाले. येताना त्यांनी बरण्या नीट त्रिकोणात लावल्या. सगळ्यात पुढे लोणच्याची.

रविवारी ते एकटेच तळघरात पोचले, कारण बाकीचे नेहेत्यांच्या गाडीतून आले होते. चार नंबरच्या लेनमागच्या खुर्च्या रिकाम्या होत्या. एका खुर्चीवर वेफर्सची पिशवी होती. नेहेते एकटे उभे होते, रुमालाने हात पुसत.

"मंडळी कुठे आहेत?" अरविंदरावांनी विचारलं.

"पुढे आहेत," नेहेते म्हणाले.

अरविंदरावांनी पुढे पाहिलं. पिना मांडणाऱ्या यंत्राने त्यांची मांडणी केली होती. सगळ्यात पुढे ईरा उभी होती, दोन्ही हात अंगाला चिकटवून. तिच्या मागे केदार आणि प्राची. त्यांच्या मागच्या रांगेत मंदाताई, नारायणपेठ नेसलेल्या, शेजारी विहीणबाई. उरलेल्या जागी शेजारचे कर्वे, इस्त्रीवाला, आणि प्राचीची मावसबहीण आणि तिचा नवरा. ही मंडळी अरविंदरावांना तितकीशी जवळची नव्हती, पण तीही आलेली होती. शेवटच्या रांगेत कोपऱ्यातली एक जागा रिकामी होती.

"आज तुम्ही..." असं अरविंदराव म्हणणार होते. म्हणजे म्हणायचं त्यांनी घरून ठरवून आणलं होतं. पण नेहेते दोन पावलं मागे सरलेसुद्धा.

"आधी तुम्ही, अरविंदराव. तुमचा मान."

मान कानावर आला आणि अरविंदरावांनी तो घेतला. लेन लांबली. मंडळी तांदळाच्या दाण्यांएवढी झाली. त्यांनी खांदा सैल सोडला, मनगट सोडलं, शेवटचं पाऊल घसरू दिलं, आणि नेमक्या वेळी मान वर करून ईरा आपल्याकडे बघते आहे का ते पाहिलं. बॉल गेला. खूप वेळाने तो मंडळींपर्यंत पोचला. मंडळींनी त्याला अदबीने वाट दिली. मंदाताईंनी निऱ्या सावरल्या, केदारने ईराला बाजूला घेतलं. "या, या," असं कर्वे म्हणाल्याचं ऐकू आलं. बॉल मधून निघून गेला. सगळे पुन्हा आपापल्या जागी उभे राहिले.

मग नेहेते आले. लेन आखडली. त्यांनी बॉल सोडला आणि तो कडेकडेने जाऊन, जणू काही आठवल्यासारखा, वळला. ईरा सगळ्यात आधी पडली, खिदळत. ती प्राचीवर, प्राची केदारवर, केदार सासूबाईंवर. मंदाताई पदर तोंडाला लावून पडल्या. इस्त्रीवाला तर पोट धरून लोळत होता. यंत्राची दांडी खाली आली, तिने सगळ्यांना हळूच आत ओढलं, आणि यंत्राने सगळ्यांना पुन्हा मांडलं. ईराचे केस विस्कटले होते. तिने ते नीट केले नाहीत.

"ईरा!" अरविंदराव फाऊल लाईनवर, जिच्या पुढे पाऊल टाकायचं नसतं तिथवर, येऊन ओरडले. "आबांसाठी पड की गं एकदा!"

"नाही पडता येत, आबा," ईराचा आवाज आला. "तुम्ही सारखं बघत राहता."

"नानासुद्धा बघतात!"

"नाना नाही बघत."

हे खोटं होतं, किंवा मुलीला शिकवलेलं होतं. न बघता कुणी कुणाला पाडत नसतं. जवळ जाऊन एकदा सोक्षमोक्ष लावावा म्हणून अरविंदरावांनी फाऊल लाईन ओलांडली. मागून गायकवाड मॅडमनी, "पलीकडे तेल आहे हो," असं सांगितलं, पण ते नुसतं माहिती म्हणून. पहिल्याच पावलाला पाय गेला. ते पडले नाहीत. दोन्ही हात थोडे पसरून, उभ्याने, ते घसरत निघाले. बाण त्यांच्या बुटांखालून गेले. इतक्या जवळून त्यांनी ते पहिल्यांदाच पाहिले. चांगले कोरलेले होते. मग तेल संपलं, कोरडं लाकूड लागलं, आणि ते आपोआप वळले. ईराच्या बाजूने, प्राचीला न लागता, मंदाताईंच्या मागून ते शेवटच्या रांगेत कोपऱ्यातल्या रिकाम्या जागी जाऊन उभे राहिले. जागा त्यांच्या मापाची होती.

"आलात?" मंदाताईंनी मान न वळवता विचारलं.

"आलो."

"हात जवळ घ्या. कर्व्यांना लागतोय."

त्यांनी हात अंगाला चिकटवले. ते पुन्हा सुटले नाहीत. इथून नेहेते तांदळाच्या दाण्याएवढे दिसत होते. दाण्याने हात जोडलेले दिसले, आणि आवाज मात्र स्पष्ट आला.

"अरविंदराव, आधी तुमचा मान!"

लेन आणखी लांबली. नेहेते दिसेनासे झाले. अरविंदरावांच्या लक्षात आलं की आता मान घेत राहिलं तर आपण इथे उभेच राहणार, सगळ्यांत मागे, घरातल्या प्रत्येकाच्या पाठीकडे बघत. ईराच्या मानेवर शाई लागली होती. ती पुसायला कुणी नव्हतं.

"तुम्ही टाका," अरविंदराव म्हणाले. तेवढ्या लांब ते पोचलं नसावं, म्हणून त्यांनी पुन्हा म्हटलं. "नेहेते, आज तुम्ही टाका आधी."

लेन एकदम आखडली. नेहेते इतके जवळ आले की त्यांच्या शर्टाचं वरचं बटण वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने शिवलेलं दिसलं. त्यांनी बॉल उचलला, छातीशी धरला. अरविंदरावांनी डोळे ताणून त्यांच्या डोळ्यांकडे पाहिलं. आता कळणार होतं.

नेहेते खाली बघत होते. बाणांकडे. ईराकडे नाही, मंदाकडे नाही, पोटच्या लेकीकडेही नाही. आणि अरविंदरावांना संताप आला. माणूस समोर उभा आहे, मुलाकडचा आहे, आयुष्यात पहिल्यांदा आधी तुम्ही म्हणाला आहे, आणि याने निदान एकदा बघायला नको?

बॉल सुटला. तेलावर त्याचा आवाज येत नव्हता. मंदाताईंचे खांदे आत्ताच हलू लागले होते, पदर तोंडाकडे निघाला होता. अरविंदरावांनी ओठ घट्ट मिटले, टाचा लाकडात रोवल्या आणि ठरवलं की काही झालं तरी आपण पडायचं नाही. बॉल कडेने येत होता, बराच कडेने, अगदी त्यांच्या बाजूच्या कोपऱ्याकडे, आणि कोरडं लाकूड सुरू झालं तिथे तो वळू लागला, तेव्हा ईराने पहिल्यांदा मागे वळून पाहिलं, आणि अरविंदरावांच्या पोटात, बेंबीच्या जरा वर, गुदगुल्या झाल्यासारखं वाटलं.