सुनावणीआधीचं जावळ

मंगळवारी सकाळी सातच्या सुमारास, कोचाबांबा शहरातल्या एका भाड्याच्या खोलीत, नुरियाने सोळा महिन्यांच्या सिसाच्या केसांतला एक गुंता कात्रीने कापला आणि कचऱ्याच्या पिशवीत टाकला.

गुंत्यात साखरेचा पाक वाळून दगड झाला होता. कंगवा लावला की मुलगी रडून घर डोक्यावर घेई. नुरियाला त्यात काही वावगे वाटले नाही. ती आणि तिचा नवरा एलॉय सिसाला दत्तक घ्यायला स्पेनमधल्या सारागोसाहून आले होते. कोर्टाच्या परवानगीने मुलगी अनाथाश्रमातून त्यांच्याकडे राहायला आली होती. तिघांचे कसे जमते ते पाहून सिसा त्यांची की नाही हे ठरायचे होते. सुनावणी पुढच्या सोमवारी होती.

घरमालकीण दोन्या इलारिया, म्हणजे इलारियाबाई, मक्याची गरम पेज घेऊन आली आणि दारातच थांबली.

"हे काय केलंत?"

"गुंता होता. सुटत नव्हता."

"तो सोडवायचा नसतोच. कापला कोणी?"

"मीच."

"आईने. एकटीने. नाश्त्याच्या आधी." इलारियाने पेला खाली ठेवला. "आणि केस कुठायत?"

केस एलॉय नुकताच खाली घेऊन गेला होता. कचऱ्याच्या गाडीची घंटा कोपऱ्यावरून ऐकू येत होती. तो सपाता घालून गाडीमागे धावला, गाडीवाल्याशी हुज्जत घातली आणि एक पिशवी परत आणली. ती शेजाऱ्यांची निघाली.

इथे मुलाचे पहिले केस आईबाप कापत नाहीत. धर्ममाता कापते, चार लोकांसमोर, आणि ते केस जपून ठेवले जातात. तोवर डोक्यावर गुंते होतात, होऊ देतात. आणि त्या दिवसापासून आई आणि धर्ममाता जन्मभर एकमेकींच्या कोमाद्रे होतात, सख्ख्या बहिणींपेक्षा जवळच्या; बाप होतो कोम्पाद्रे.

"उद्या कास्ता येणार," इलारिया म्हणाली. "तिला काय सांगणार आहात?"

कास्ताने आश्रमात सिसाला दहा दिवसांची असल्यापासून सांभाळले होते. वकील रेइनागा यांनी पहिल्याच भेटीत बजावले होते, "कागद सगळ्यांचेच चांगले असतात. न्यायाधीशबाई कास्ताचंच ऐकतील." मंगळवारी रात्री नुरिया जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी कास्ता आली तशी सिसा तिच्या घागऱ्याला धरून उभी राहिली. कास्ताने तिला उचलले आणि डोक्यामागच्या खाचेवर बोट ठेवले.

"माझी चूक झाली," नुरिया म्हणाली. "मला माहीत नव्हतं, दोन्या कास्ता."

"कुठल्या कात्रीने?"

"नखांच्या."

"नखांच्या," कास्ता इलारियाकडे बघून म्हणाली.

"आपण तर मेंढ्यासुद्धा अशा भादरत नाही," इलारिया म्हणाली.

कास्ताला हसू आवरले नाही. "बरं. एका गुंत्याला काही जावळ म्हणत नाहीत. उंदराने कुरतडलं समजू." मग सिसाचे नाक पुसत तिने विचारले, "धर्ममाता कोण ठरवली होती?"

कोणीच ठरवली नव्हती. आश्रमातली कितीतरी बाळे कास्ताच्या अंगाखांद्यावर वाढली आणि विमानात बसून गेली. त्यांतल्या एकाच्याही घरात तिचे नाव उरले नव्हते. हे नुरियाला इलारियाने आदल्या दिवशी भांडी घासताना सांगितले होते.

"तुम्ही व्हाल?"

कास्ताने मुलीचे नाक दुसऱ्यांदा पुसले. ते कोरडेच होते. "मला वाटलं, विचारताय की नाही. रविवारी करून टाकू. सोमवारी कोर्टात पोर नीटनेटकी दिसली पाहिजे."

सगळ्यांना ते पटले. वकिलांना सांगावे असे कोणाच्या मनातही आले नाही. जावळाला वकील कोण बोलावतो?

रविवारी इलारियाच्या अंगणात केस ठेवायला ताटली आली, फीत बांधलेली कात्री आली. चिचाचा, मक्याच्या दारूचा, पहिला घोट भुईला दिला. कास्ताने पहिली बट कापली तेव्हा सिसा रडली, दुसरीला फीत ओढू लागली. कास्ताच्या भावाने मुलीला एक मेंढी दिली.

"विमानात कशी न्यायची?" एलॉयने विचारले.

"न्यायची कशाला, कोम्पाद्रे?" कास्ता म्हणाली. "ती माझ्याकडे राहील. तिला पिल्लं होतील. पोर मोठी झाली की येऊन कळप बघून जाईल."

"कोल्ह्याने खाल्ली तर?"

"तर तुमची. राहिली तर तिची."

कास्ताने नुरियाला मिठी मारली. "आता दोन्या म्हणायचं नाही. तुम्ही-बिम्ही तर नाहीच."

"बरं, कोमाद्रे."

सोमवारी सकाळी कास्ता नवी हॅट घालून साक्षीला उभी राहिली. न्यायाधीशबाईंनी नाव विचारले, काम विचारले. वकील रेइनागांची नजर तेवढ्यात सिसाच्या भादरलेल्या डोक्यावर गेली.

"हे कोणी कापलं?" त्यांनी हळूच विचारले. नुरियाने कास्ताकडे बोट केले. त्यांनी डोळे मिटून घेतले.

"अर्जदारांशी तुमचं काही नातं?" न्यायाधीशबाईंनी विचारले.

"आहे ना. नुरिया माझी कोमाद्रे आहे. कालपासून."

बाईंनी पेन खाली ठेवले. "मग तुमची साक्ष मला घेता येणार नाही. घरच्या माणसाची साक्ष झाली ती."

"मी तिला दहा दिवसांची असल्यापासून बघतेय. माझ्याइतकं कोणाला ठाऊक आहे?"

"म्हणूनच तर मला ती हवी होती."

"मग काय, नाही म्हणू?"

"नको." बाईंनी सिसाकडे पाहिले. "छान कापलेत." मग टंकलेखकाकडे वळल्या. "हे लिहू नका."

कोर्टाने नवा अहवाल मागवला. मानसोपचारतज्ज्ञाने घरी येऊन तिघांना पाहावे, तोवर मुलगी त्यांच्याकडेच राहील.

"एक दिवस थांबला असतात," बाहेर आल्यावर वकील म्हणाले. "एकच."

कास्ता हॅट हातात घेऊन बाकावर बसली. "माझ्यामुळे झालं."

"नातं नाही, म्हणाली असतीस तर?" नुरियाने विचारले.

"तर पोरीला धर्ममाता नसती."

नुरिया तिच्या शेजारी बसली आणि सिसाला दोघींच्या मध्ये ठेवले. थोड्या वेळाने म्हणाली, "चल, सालतेन्या खाऊ. एलॉयला भूक लागली की तो रडतो."

"मी इथेच आहे," एलॉय म्हणाला.

एलॉयची रजा संपली. शनिवारी तो एकटाच सारागोसाला परतला. मानसोपचारतज्ज्ञ दोनदा येऊन गेले. पहिल्या वेळी सिसा सगळा वेळ झोपली होती. दुसऱ्या वेळी कास्ता खोलीत होती, तिला बाहेर बसवले, तर सिसा दार वाजवत राहिली. हे त्यांनी कोणत्या बाजूने लिहिले ते कळलेले नाही. अहवालाची मुदत होती त्या गुरुवारी कोर्ट बंद होईपर्यंत तो पोचला नव्हता. पुढची तारीख लागलेली नाही.