दहापैकी चार

लिफ्टचा मिस्त्री खुर्चीत बसला, उठला, खिडकीपर्यंत गेला आणि पुन्हा येऊन बसला. समुपदेशनाच्या त्या खोलीत फिरायला जागा अशी नव्हतीच. त्याची मुलगी मांडीवर पर्स घट्ट धरून बसली होती.

"सिस्टर, चांगलं खडसवा यांना," ती म्हणाली. "डॉक्टर म्हणतात, फुप्फुसं निम्मी कामातून गेलीत. तरी दिवसाला बावीस सिगारेटी! मी मोजते ना."

"घरातच सीसीटीव्ही आहे माझ्या," मिस्त्री पुटपुटला.

सिस्टरच्या जिभेवर सगळं तयार होतं. अठरा वर्षं वॉर्डात तिने हुकूमच सोडले होते. या खोलीत येऊन जेमतेम दोन महिने झाले होते आणि गप्प बसणं तिला सगळ्यात जड जात होतं. तिने मुलीला जरा बाहेर थांबायला सांगितलं.

"'सिगारेट सोडा', हे मुलीचं म्हणणं झालं. तुमचं काय?"

"माझं?" त्याने पेन उचललं, त्याचं टोपण काढलं, लावलं. "ओढली की डोकं थंड होतं. नाही ओढली तर बसवत नाही, उभं राहवत नाही. बघताय ना तुम्ही."

"सोडायची इच्छा किती? दहापैकी मार्क द्या."

"चार." आता बोलणी खायची, अशा तयारीने त्याने मान खाली घातली.

"दोन का नाही दिलेत?"

टोपण हातातच राहिलं.

"मागच्या महिन्यात एक बाई लिफ्टमध्ये अडकल्या. मी सात मजले चढून गेलो. त्या आतून विचारत होत्या, 'कोणी आहे का?' मी दाराला टेकून उभा, सिस्टर. चार बोटांवर. पण 'आहे' म्हणायला छातीत दम नाही. त्या रडायला लागल्या, तरी माझ्या तोंडून शब्द फुटेना." त्याने दाराकडे पाहिलं. "हिला नाही सांगितलेलं."

'मग कळलं ना आता!' हे वाक्य सिस्टरने मोठ्या कष्टाने गिळलं. "सुरुवात कुठून करावीशी वाटते?" तिने विचारलं.

त्यानेच ठरवलं. तारीख त्याची, पाकीट फेकायची जागाही त्याची. "चालत असेल तर एक सुचवू?" म्हणून तिने तलफ आवरायच्या गोळ्यांचं सांगितलं. त्याने मान डोलावली.

पुढच्या भेटीला तो आलाच नाही. सिस्टरने दोनदा फोन उचलला, दोनदा ठेवला. रागावल्यासारखं वाटेल का? आपलंच काही चुकलं का? दुसऱ्या दिवशी मुलीला बाहेर बसवून तो न विचारता आत आला आणि उभ्या उभ्याच बोलला, "सगळं फुकट गेलं. परवा तीन ओढल्या."

"त्याआधीचे अकरा दिवस कसे काढलेत?"

भांडायच्या तयारीने आलेला माणूस गडबडला. "कसे म्हणजे... दात-ओठ खाऊन."

"मग परवा काय झालं?"

"हिने खिसे तपासले. खिशात काही नव्हतं हो! डोकंच फिरलं. तडक खाली गेलो आणि पाकीट घेतलं."

"हे तिला कळायला हवं, असं वाटतं तुम्हाला?"

तो दोन येरझाऱ्या घालून दाराशी गेला आणि बाहेर बसलेल्या मुलीला त्यानेच हाक मारली. खिशांचं सांगितलं. मग थांबून, भिंतीकडे बघत, त्या अडकलेल्या बाईंचंही सांगितलं. मुलीचा चेहरा पडला.

"बाबा, मग मी करू तरी काय?"

"खिसे सोड. संध्याकाळी सातला माझ्याबरोबर चालायला ये. तेव्हा जीव नुसता तळमळतो."

त्यानंतर तो आणखी एकदा घसरला, आणि त्या वेळी भेटीच्या दिवसाची वाट न बघता स्वतःच येऊन सांगून गेला. आज चौदा आठवडे झाले, एकही नाही. तलफ अजून येते. आली की बापलेक घराकडे न वळता आणखी एक चक्कर मारतात.